कसौलीची दारूभट्टी आणि एक न लागलेली पाटी

कालका-सिमला गाडीत सोलन गेलं की लगेच ‘सोलन ब्रुअरी’ नावाचं स्टेशन लागतं. डब्यातल्या सगळ्यांनी त्या पिवळ्या पाटीचे फोटो काढले आणि गाडी पुढे निघाली. माझ्या डोक्यातून मात्र ती पाटी जाईना. दोनच दिवस आधी आम्ही कसौलीला होतो आणि या कारखान्याचं मूळ घर रस्त्यावरून बघून आलो होतो.

आमच्या घरात कोणी पीत नाही, त्यामुळे “दारूच्या कारखान्यात काय बघायचंय?” हे ऐकूनच मी निघाले होते. पण उतारावर उभी ती बैठी इमारत, वरचे पत्रे आणि हवेत भिजलेल्या, शिजलेल्या धान्याचा ओलसर गोड वास. आई नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करायची, तेव्हा घरभर असायचा तसाच. कृतीही मुळात तीच. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, भट्टीत सुकवायची, मग पुढचं आंबवणं.

डोंगरावरच का, तर थंडीसाठी. बर्फाची यंत्रं नव्हती तेव्हा मैदानातल्या उन्हाळ्यात बीअर टिकायची नाही, आणि सुएझ कालवा १८६९ चा, म्हणजे त्याआधी विलायतेहून येणारं प्रत्येक पिंप आफ्रिकेला वळसा घालून यायचं. गोऱ्या पलटणी तर इथेच डोंगरात. म्हणून एडवर्ड डायर नावाच्या माणसाने कसौलीत भट्टी घातली. पुढे चांगल्या झऱ्याच्या पाण्यासाठी बीअर सोलनला हलली आणि कसौलीत व्हिस्की राहिली.

सालाचा घोळ आहे. आज हा कारखाना चालवणारी मोहन मीकिन कंपनी १८५५ सांगते, पण इंटरनेटवर सगळीकडे १८२० फिरतंय, ‘आशियातली सर्वांत जुनी’ म्हणून. मला १८२० अजिबात पटत नाही. कसौलीची छावणीच मुळी १८४२ ची. त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी त्या जंगलात बीअर प्यायला होतं कोण? जुनेपणाचा मान मिळावा म्हणून साल मागे ढकलायचं, हे आपल्याकडे देवळांच्या बाबतीतही होतं आणि मला ते तिथेही खटकतं.

आणि ज्या नावापाशी थांबायला हवं, तिथे कोणी थांबत नाही. हा एडवर्ड डायर म्हणजे जालियनवाला बागेत गोळ्या चालवायला लावणाऱ्या रेजिनाल्ड डायरचा बाप. मुलगा जन्मला १८६४ मध्ये मरीला, आज ते पाकिस्तानात आहे. बापाचं काम तिथल्या ब्रुअरीत होतं. मरीजवळच्या घोडा गलीची ती जुनी इमारत फाळणीच्या दंगलीत जळाली. कसौलीची मात्र अजून चालू आहे. शाळेत आपण १९१९ शिकलो, पण तो माणूस याच डोंगरांतल्या दारूच्या पैशावर वाढला हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. डायरनंतर मीकिन नावाचे इंग्रज मालक आले, १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी कंपनी घेतली, १९५४ मध्ये ओल्ड मंक ही रम आली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. कालक्यापर्यंत रूळ आले १८९१ ला, सिमल्यापर्यंत १९०३ ला. म्हणजे त्याआधी या भट्टीसाठी जे काही तांबं-लोखंड वर आलं, ते बैलांनी ओढलं आणि माणसांनी वाहिलं. डायरचं नाव राहिलं, मीकिनचं तर अजून बाटलीवर आहे. त्या हमालांपैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही. गिरणगावात वाढल्यामुळे असेल, पण हे मला लगेच दिसतं. आमच्याकडे संपानंतर एकेक गिरणी पडली, टॉवर उभे राहिले, आणि तीन पाळ्यांत घाम गाळलेल्यांची आठवण म्हणून कुठे कुठे एखादी चिमणी उरली.

कसौलीत त्या रस्त्याच्या कडेला एक साधी पाटी हवी. १८५५ हे साल, डायर हे नाव आणि त्याचा मुलगा कोण होता ते, आणि खाली एक ओळ, की हे सामान इथवर माणसांनी चढवलं. ‘सर्वांत जुनी’ वगैरे काही नको.

तुमच्यापैकी कोणाचे वडील, आजोबा फौजेत असताना कसौली, डगशाई, सुबाथूला होते का? त्यांच्याकडे त्या काळातले भट्टीचे, तिथल्या कामगारांचे फोटो असतील तर मला जरूर पाठवा. पाठीमागे नावं लिहिलेली असतील तर ती बाजूही.