"वीस मिनिटांत सापडलं" या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री गॅरेज बंद करताना पोरानं वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय की तीन चकरा, अकरा दिवस गाडी गॅरेजात, १,९०० रुपये, वर इंजिन खोलायचं १६ हजारांचं एस्टिमेट, आणि शेवटी दुसऱ्या मिस्त्रीनं वीस मिनिटांत डाव्या बाजूचा एक नट आवळला आणि आवाज बंद, "यांना बुलेटमधलं काही कळत नाही". शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे. तो नट आमच्या नजरेतून सुटला. गाडी मी स्वतः बघितलेली, त्यामुळं पोरांवर ढकलत नाही.

पण वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही अकरा दिवस नुसते गाडीकडं बघत बसलो, म्हणून काय काय झालं ते सांगतो, जरा लांबेल.

गाडी जुनी बुलेट, कास्ट आयर्न म्हणजे बिडाच्या इंजिनाची ३५०, उजवीकडं गियर, पॉइंटवाली (जुन्या पद्धतीचं इग्निशन). पहिल्यांदा आणली तेव्हा तक्रार एवढीच, "इंजिनात टकटक येते". आता ह्या इंजिनात टकटक म्हणजे गावच्या चौकात "ओ पाटील" म्हणून हाक मारल्यासारखं आहे, चारजण वळून बघतात. थंड असताना पिस्टन वाजतो, गरम झालं की गप्प बसतो, ते चालायचंच. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडझाप करणारे भाग) वाजतात. बेंड पाइप (इंजिनातनं सायलेन्सरकडं जाणारा वाकडा पाइप) इंजिनच्या हेडपाशी ढिला असला तर तिथनं गॅस फुंकतो आणि तो आवाज इतका टॅपेटसारखा असतो की चांगले चांगले फसतात. तुमच्या गाडीत टॅपेटपण होते आणि बेंडपण होता. टॅपेट थंड इंजिनवर सेट केले (टॅपेटला ढकलणारी काडी, म्हणजे पुशरॉड, बोटानं सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये, एवढंच माप), बेंड नीट बसवला, ४०० रुपये घेतले, आणि तुम्हीच म्हणालात की गाडी शांत झाली.

आठ दिवसांनी परत आलात. आता आवाज गरम झाल्यावर येतो म्हणालात, गाडी सकाळी लावून ऑफिसला गेलात. इथं आमची पहिली चूक. पोरानं थंड गाडीवर दोन किलोमीटरची चक्कर मारली, काही ऐकू आलं नाही, तुम्हाला फोन करून "ठीक आहे" सांगितलं. जुन्या गाडीचा आवाज असा सापडत नाही हो, मालकाला पुढं बसवून आपण मागं बसायचं असतं, कारण त्याच्या कानाला जो आवाज वेगळा वाटतो तो आपल्याला नेहमीचा वाटतो. हे मला माहीत असून केलं नाही.

तिसऱ्यांदा मात्र मी स्वतः पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो. वर पोचून गाडी आयडलवर (रेस न देता उभ्यानं चालू) सोडली आणि तेव्हा ऐकलं, टक... टक... जाड आवाज, खालनं येणारा. परत आल्यावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून बघितलं, डावीकडं जास्त. प्रायमरी चेन (इंजिनकडनं क्लचकडं जाणारी, डाव्या कव्हरच्या आतली) वाजत असेल म्हणून त्या कव्हरच्या वरच्या झाकणातनं बोट घालून बघितली, पाव इंच ढील, म्हणजे बरोबर. आणि चेन बरोबर आहे म्हणून मी ते कव्हर खोललंच नाही. बुलेटचं ते कव्हर मधल्या एका नटावर बसतं, फूटरेस्ट काढा, तो नट सोडा, कव्हर हातात. एवढा आळस मला महागात पडला.

त्यानंतर माझ्या डोक्यात कनेक्टिंग रॉडचं बिग एंड (पिस्टनच्या दांड्याचं क्रँकवर बसणारं खालचं टोक) बसलं. ऑइल काढलं, फिल्टर बघितला, धातूचा चुरा नाही. तिथंच थांबायला पाहिजे होतं. बिग एंडचा बुश गेलेला असता तर चुरा दिसला असता, शिवाय तो आवाज लोडवर वाढतो, घाट चढताना बोंब मारतो, आणि तुमची गाडी घाटात गप्प होती, आयडललाच वाजत होती. दोन्ही खुणा उलट्या होत्या आणि मी त्या बघूनसुद्धा "बहुतेक बिग एंड, खोलल्यावर कळेल" म्हणून १६ हजार लिहून दिले. तोंडानं बहुतेक म्हणालो पण कागदावर बहुतेक लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं तुमचा राग बरोबर आहे.

अकरा दिवसांचं म्हणाल तर त्यातले सहा दिवस गाडी तुमच्या हो-नाहीची वाट बघत उभी होती, एक सोमवार आमची सुट्टी. हे तेवढं लिहायला पाहिजे होतं तुम्ही.

आणि एक गोष्ट, जी मला त्या दुसऱ्या मिस्त्रीकडनंच कळली (ओळखीचा आहे, त्यानंच फोन केला, हसला पण भरपूर). दोन महिन्यांपूर्वी तुम्ही इलेक्ट्रिशियनकडं चार्जिंग कॉइल बदलून घेतलेली, तेव्हा कॉइलसमोर फिरणारं मॅग्नेट पण काढलेलं आणि त्याचा नट लॉक वॉशर (नट सैल होऊ न देणारी चकती) न टाकता आवळलेला. मी न खोललेल्या त्या कव्हरच्या आतला तुमचा नट तो हाच. ते मॅग्नेट क्रँकच्या (इंजिनचा मुख्य फिरणारा शाफ्ट) टोकावर असतं, ढिलं झालं की आयडलला प्रत्येक फायरिंगच्या झटक्याला केसभर मागंपुढं हलतं आणि ठोका देतं, रेस दिली की फिरणं एकसारखं होतं आणि आवाज दबतो. हे तुम्ही सांगितलं नाही, पण खरं बघायला गेलं तर मी विचारलं कुठं होतं? आता जॉब कार्डावर पहिली ओळ तीच टाकलीय, वर्षभरात कोणी काय खोललं.

आता कामाचं, हे नीट वाचा. नुसता नट आवळून विषय संपत नाही. मॅग्नेट शाफ्टवर फिरू नये म्हणून आत लोखंडाची छोटी पट्टी असते, तिला आम्ही की म्हणतो. दोन महिने ढिलं चाललंय म्हणजे ती की आणि शाफ्टवरची तिची खाच दोन्ही मार खाल्लेली असू शकतात, मग नट कितीही आवळा, परत सैल होणार, आणि त्या वेळी खाच गेली तर मात्र खरोखर क्रँक बाहेर काढायला लागेल. मॅग्नेट कॉइलला घासलंय का तेही बघायला पाहिजे. त्या मिस्त्रीनं मॅग्नेट काढून की बघितली असेल तर उत्तम, नसेल तर लांबच्या रनला जाऊ नका, त्याच्याकडनंच बघून घ्या किंवा इकडं आणा, मी नवीन की आणि लॉक वॉशर टाकून देतो, मजुरी नाही. कव्हर परत बसवताना त्यात ऑइल भरलंय का तेवढं विचारा त्याला.

पैशाचं. १,९०० मधले ऑइल-फिल्टरचे १,०५० आणि टॅपेट-बेंडचे ४०० मी ठेवतोय, ती कामं झालेली आहेत. चेकिंगचे ४५० परत, पाकीट काउंटरला ठेवलंय, मी नसलो तरी पोरगं देईल. स्टार राहू दे एक.

सोमवार सोडून कधीही या, सकाळी दहाच्या आत आलात तर मी मोकळा असतो. आणि गाडी चालवत, गरम करून आणा.