भांड्यावर नाव कोणाचं?

मागच्या महिन्यात गावच्या घराचा माळा रिकामा केला. वासे बदलायचे होते म्हणून, नाहीतर अजून दहा वर्षं त्याला कोणी हात लावला नसता. खाली उतरवलेलं सगळं ओसरीवर मांडलं तर पाय ठेवायला जागा राहिली नाही. दोन घंगाळी, तांब्याचा बंब, बूड गेलेला हंडा, पितळेच्या चार पराती, अडकित्ते, बैलांच्या घुंगुरमाळा, मोडका पाळणा आणि एका बोचक्यात करकचून बांधलेल्या तीन वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या.

तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन एक माणूस दारात हजर. बातमी कोणी दिली देव जाणे. लहानपणी असे लोक यायचे ते तराजू घेऊन. भांडं मोडीत जायचं, किलोवर भाव व्हायचा आणि बदल्यात स्टीलचे डबे यायचे. हा बिनतराजूचा होता. एकेक भांडं उलटं करून बूड बघायचा, काठावरून अंगठा फिरवायचा. एका परातीवर त्याचा अंगठा थांबला. "ताई, हिच्यावर नाव आहे. नाव असलं की गिऱ्हाईक चढा भाव देतं."

वाचलं तर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: चि. सौ. कां., पुढचं नाव घासून गेलेलं, मग 'यांस मामाकडून भेट' आणि २५-५-५२. म्हणजे माझ्या आजीचं लग्न. मे महिन्यातलंच असणार म्हणा, पेरणी डोक्यावर यायच्या आत उरकलेलं.

मला तर भरूनच आलं. फोटो काढला, इथे टाकायलाही घेतला होता. 'आजीची परात, सत्तर वर्षांचा वारसा' वगैरे. मागून काकू म्हणाली, "तुम्हाला जुनं लय आवडतं, कारण घासायला तुम्ही नव्हतात."

खरं आहे. पितळ आठवडाभर नुसतं ठेवलं तरी काळवंडतं. चिंच आणि राख घेऊन दहा-बारा भांडी उकिडवं बसून घासून बघा, मग वारशावर बोलू. वाकळेचंही तेच. एक नऊवारी लुगडं म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. अशा कापडांचे थर एकावर एक शिवलेली वाकळ ओली झाली की एकट्या बाईला उचलत नाही. ओढ्यावर दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची. काकूच्या पिढीने स्टील आणि ब्लँकेट आनंदाने घरात घेतलं, आणि त्यात त्यांचं काहीही चुकलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. 'आपल्या बायकांनी सोन्यासारखी भांडी मोडीत घातली' असं हळहळणाऱ्या पोस्टी मी वाचते तेव्हा मला विचारावंसं वाटतं, साहेब, आज घरी भांडी कोण घासतं?

फोटो काही मी टाकला नाही. पण परात मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा एक गोष्ट डोक्यात शिरली, ती अजून जात नाही. या परातीवर घेणारीचं नाव आहे, देणाऱ्या मामाचं नातं आहे, तारीख आहे. ती घडवली कोणी?

तांब्यापितळेच्या भांड्यावर जे बारीक बारीक खळगे चमकताना दिसतात ना, त्याला तांबट मठार म्हणतात. ते नुसतं नक्षीकाम नव्हे. पत्रा तापवून मऊ करायचा, आकार द्यायचा आणि मग गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके घालत जायचं. ठोक्यांनी धातू कठीण होतो, भांडं घट्ट होतं, सहजासहजी पोचत नाही. ठोका चुकला की डाग कायमचा. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत अजून हे काम चालतं. गल्लीत शिरायच्या आधीच ठणठणाट ऐकू येतो. मोठ्या हंड्याला असे हजारो ठोके. तेवढं करून कारागीर बाजूला होणार आणि दुकानदार गिऱ्हाइकाला विचारणार, "नाव काय घालायचं?"

कल्हईवाल्याचंही तसंच. आमच्या गल्लीत तो आला की आम्ही पोरं शाळा बुडवायला तयार. जमिनीत छोटा खड्डा, भाता, कोळसे. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा. त्या नवसागराने आतला थर निघून धातू स्वच्छ व्हायचा. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, तांब्याला वितळायला १०८४ अंश लागतात, त्या मधल्या फरकावर हा सगळा धंदा उभा. कापसाच्या बोळ्याने एक फटकारा मारला की काळं पातेलं आतून चांदीसारखं. आम्हाला ती जादूच वाटायची. त्याचं नाव मात्र आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तो 'कल्हईवाला' होता, बस.

जाता जाता सांगते, हौसेने जुनं पितळी पातेलं विकत आणलं असेल तर कल्हई केल्याशिवाय त्यात आमटी, ताक, चिंचेचं काही ठेवू नका. कळकतं, म्हणजे आंबटाने धातू उतरून पदार्थ बिघडतो. 'कळकणं' हा शब्दच नव्या पिढीला माहीत नाही, कारण ज्यात कळकायचं ती भांडीच गेली. शब्द गेल्याचं दुःख नाही, पोट बिघडेल.

तर नावाचा मुद्दा. गावाकडची कुठलीही जुनी वस्तू घ्या. घोंगडी धनगराच्या मेंढ्यांच्या लोकरीची, विणली सनगरांनी, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन. तिवई सुताराची, विळा लोहाराचा, रांजण कुंभाराचा, मोट चामड्याची. या प्रत्येक कामामागे माणूस होता आणि त्याला जे काही मिळायचं ते सुगीला खळ्यावर, देणाऱ्याच्या मर्जीने. वस्तू आमच्या माळ्यावर राहिली म्हणून ती 'आमचा वारसा' झाली. घडवणारा बलुतेदार वेशीजवळ, नाहीतर वेशीबाहेर राहिला. हे न बोलता नुसतं 'आमच्या पूर्वजांचं वैभव' म्हणणं मला आता जमत नाही. वैभव आमचं आणि ठोके त्यांचे, असा तो हिशेब आहे.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलं नसेल तर बघा. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. तलवारी कोणीही जमवतं, या माणसाने गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, फण्या, पाय घासायच्या वज्र्या जमवल्या. मला ते संग्रहालय फार प्रिय आहे. पण तिथेही त्या अडकित्त्याच्या लोहाराचं नाव शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. केळकरांचा दोष नाही. ते पोचेपर्यंत नावं केव्हाच गेलेली होती.

नाव टिपायचं ठरवलं तर टिपता येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात ओवी असते आणि गाणारीचं नाव असतं, तिचं गाव असतं. एवढंच. पण त्यामुळे ती ओवी 'लोकपरंपरा' नावाच्या पोत्यात पडत नाही, ती अमक्या गावच्या अमक्या बाईची राहते. जातं आता रिसॉर्टच्या बागेत कुंडी ठेवायला वापरतात, ते असो.

टेम्पोवाल्याचं सांगायचं राहिलं. त्याने पराती मागितल्या, घंगाळी मागितली, आणि मग देवघराची कोरीव चौकट किती जुनी म्हणून हळूच चाचपून पाहिलं. तिथे मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. तुमच्या दारातही असा कोणी आला तर एवढं माहीत असू द्या: १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आहे. ऐतिहासिक मोलाची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, किंवा हस्तलिखित ७५ वर्षांहून जुनं असेल, तर त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर खाजगीरीत्या नेता येत नाही. आमच्याकडे मोडी लिपीतले कागद होते, पेटीभर. आजोबांच्या पश्चात ते बंब पेटवायला गेले. कायद्याने काय केलं असतं तिथे?

दोन पराती आणि एक घंगाळ मात्र मी विकलं. बिननावाची निवडून विकली. टेम्पो गेल्यावर ते लक्षात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

वाकळांकडे कोणी बघितलंच नाही. टेम्पोवाल्याला त्यात रस नव्हता, म्हणाला फाटक्या आहेत. काकूने बोचकं सोडलं. एक उंदरांनी खाल्लेली, एक मेणचट. तिसरी मात्र धडधाकट. वर आजीचं हिरवं इरकली, ते मी ओळखलं. मऊ इतकी की हात काढवेना. सुती लुगडं वीस वर्षं अंगावर धुतलं गेल्याशिवाय हा मऊपणा येत नाही, पॉलिस्टरच्या साड्यांची वाकळ शिवून बघितली तर ती नुसती घसरते. आणि बोहारीण दारात आल्यापासून जुनी कापडं वाकळेत जायची थांबलीच होती. चार साड्या दिल्या की एक पातेलं. कोण शिवतंय मग?

"आजीने शिवलेली," मी म्हटलं.

काकूने वाकळ उलटी केली, कोपऱ्यापासून बोट फिरवत गेली. वाकळेचा धावदोरा काठापासून सुरू होतो आणि फेऱ्यावर फेरे घालत मध्यावर येऊन संपतो. "ही न्हाई आत्याबाईंची," ती म्हणाली. "फेरा उलटा गेलाय बघ. ही डावखुरीची."

डावखुरी म्हणजे कोण, तर खालच्या वस्तीवरची एक बाई. उन्हाळ्यात घरोघर वाकळा शिवायला यायची, वाकळेमागे दोन पायल्या जोंधळे. ओसरीवर वाकळ अंथरून तिच्यावरच बसायची, पुढे पुढे सरकत दिवसभर टाके घालायची. आजीचं नेसून झालेलं लुगडं, आमच्या ज्वारीची मजुरी आणि टाका तिचा. काकूला तिचा टाका चाळीस वर्षांनी बोटाला कळला, नाव आठवेना. "डावखुरीच म्हणायचे सगळे."

शाळेत कधीतरी 'आजीची गोधडी' हा निबंध मी लिहिलेला आहे. बक्षीसही मिळालं होतं.

परवा काकूचा फोन आला. डावखुरीचा नातू तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, नंबर मिळाला. मी फोन केला, जरा अवघडत, ओळख कशी सांगायची तेच कळत नव्हतं. त्याने आजीचं नाव सांगितलं, पूर्ण, नवऱ्याच्या आणि बापाच्या नावासकट. त्याला विचारल्याशिवाय मी ते इथे लिहिणार नाही. हो, डाव्या हातानेच शिवायची, म्हणाला. अख्ख्या गावाच्या वाकळा शिवल्या.

मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे खरंच आहे का अजून? आमच्या घरात तिच्या हातची एकपण नाही."

वाकळ काल धुतली. नवऱ्याला दुसरं टोक धरायला लावलं, तरी पिळताना दोघांची कंबर गेली. आज गच्चीवर उन्हात टाकली आहे. जाड आहे, रविवारपर्यंत वाळायला हवी.