अक्षय लीड्सले चालला, अन् पारावर जुंपली

"पार्टीले पायच टाकजो नको, अशी शपथच घातली मी त्याले," रमेशभाऊ म्हणाला आणि तिथूनच वाद पेटला.

अक्षय हा रमेशभाऊचा लहान भाऊ. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून तो इंग्लंडात लीड्सला एमएस्सी करायला चालला आहे. पोळा नुकताच झालेला, सोयाबीन शेंगांवर आलेलं, त्यामुळे संध्याकाळी पारावर सगळे जमतात. त्यात शुभम नागपूरहून घरी आलेला. तो स्वतः इंग्लंडातूनच शिकून आलाय.

"भाऊ, तिथी कॉलेज सुरू व्हाच्या टायमाले फ्रेशर्स वीक राह्यते, म्हंजे नव्या पोट्ट्यांच्या पार्ट्यांचा हप्ता. ओळखीपाळखी तेव्हाच होतेत. पोट्टा खोलीत कोंडून बसला तं वर्षभर एकटाच राहीन."

"एकटा राहीन तं अभ्यास करीन."

"अन् ताप भरला तं? दार कोन वाजवन त्याचं?"

रमेशभाऊ गप्प झाला. मला विचाराल तर सगळ्या वादाचं मूळ याच प्रश्नात आहे.

मग तो दुसऱ्या बाजूनं आला. "आपला गांधीजींचा जिल्हा. दारूबंदीत वाढलेलं पोरगं हाय ते. त्याले काय मालूम दारूचं?"

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि दारू कुठे मिळते हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. बंदीच्या विरोधात मी नाही. बंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायांचं दुःख मी जवळून पाहिलं आहे. पण लपूनछपून पिण्यानं काय होतं तेही पाहिलंय. शेजारच्या गावात एक पोरगा पिऊन पडला. मित्र पोलिसांना भ्यायले, बापाला भ्यायले. उताणा निजवला, अंगावर चादर टाकली आणि निघून गेले. झोपेत उलटी झाली, ती श्वासनळीत गेली. कोणी जवळ थांबलं असतं तर तो आज आमच्यासोबत पारावर बसला असता.

म्हणून मी रमेशभाऊला म्हटलं, शपथ घालून तू त्याचं पिणं थांबवशील का ते माहीत नाही, पण त्याचा फोन मात्र नक्की थांबवशील. चूक झालीच तर तो सगळ्यात आधी तुझ्यापासून लपवेल.

आरोग्यसेवक विनोद इतका वेळ ऐकत होता. तो उठला, गजूला पारावर आडवा केला आणि दाखवायलाच लागला. माणूस बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवायचा, वरचा पाय गुडघ्यात वाकवायचा, डोकं जरा मागं, तोंड खालच्या बाजूला. श्वासावर लक्ष ठेवायचं, एकट्याला सोडायचं नाही आणि लगेच ९९९, म्हणजे तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर, लावायचा. "कॉफी पाजा, थंड पाणी वता, यानं काई होत नाई. पोटातली दारू झोपल्यावरबी रक्तात चढतच राह्यते."

शुभमनं तिथला हिशेब सांगितला. १० मिली शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. आठवड्याला १४ च्या वर नियमित जाऊ नका, असं तिथलं सरकार सांगतं. विनोदनं बोटांवर मोजलं: आपल्याकडचा १८० मिलीचा पव्वा ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे एका पव्व्यातच जवळपास आठ युनिट. पारावर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. "अन् न पेनारेबी लय राह्यतेत तिथी," शुभम म्हणाला. "मी सोड्यावर वर्ष काढलं. कोनी हात धरून पाजत नाई."

खरी भीती वेगळीच आहे. देशोदेशीची पोरं एका होस्टेलात येतात, सर्दी-खोकला सगळ्यांना होतो. पण त्याच गर्दीत मेंदूज्वराचा एक गंभीर प्रकारही पसरतो, आणि त्याची सुरुवात अगदी तापासारखी किंवा रात्रीच्या दारूच्या उतारासारखी दिसते: डोकेदुखी, उलट्या, हातपाय गार. मित्र म्हणतात, झोपू द्या त्याला. काही तासांत जीव जाऊ शकतो.

विनोदनं चहाचा काचेचा ग्लास रिकामा केला आणि गजूच्या दंडावर डास चावल्याची लाल गांधी होती तिच्यावर दाबला. काचेतून पाहिलं तर लाली फिकी झाली. "हे चालते. तापात अंगावर चट्टे आले अन् दाबूनबी फिके नाई झाले, तं एक मिनिट थांबाचं नाई. सावळ्या अंगावर दिसत नसन तं तळहात, तळपाय, पापनीच्या आतून पाहाचं. अन् चट्ट्याची वाट पाहात बसाचं नाई. मान आखडली, उजेड सहन होत नाई, बरळते, तरी ९९९."

यावर लस आहे, मेनएसीडब्ल्यूवाय, म्हणजे या आजाराच्या ए, सी, डब्ल्यू, वाय अशा चार प्रकारांवरची. तिकडे पहिल्यांदा विद्यापीठात जाणाऱ्या २५ वर्षांखालच्या पोरांना ती फुकट मिळते, बाहेरून आलेल्यांनाही. सलीम म्हणाला, "अरे, हज ले जाताना अब्बाले हेच चार प्रकारवाली टोचली होती." मात्र बी प्रकार या लसीत येत नाही, म्हणून ग्लासाची गोष्ट लस घेतल्यावरही लक्षात ठेवायची.

पैशाची काळजी नको. विद्यार्थी व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, त्यात दवाखाना आला. फक्त पोहोचल्याबरोबर जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं. साध्या सल्ल्यासाठी १११ हा नंबर.

"ठीक हाय," रमेशभाऊ म्हणाला, "पन मायचा रोजचा फोन पायजे. अन् लोकेशन चालू पायजे."

शुभम उसळला. तिथे रात्रीचे ११ वाजतात तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचार. "तुमी झोपेतून उठून नकाशावरचा ठिपका पाहासान अन् करसान काय? त्याच्या बाजूच्या खोलीतल्या दोन पोट्ट्यांचे नंबर घेऊन ठेवा. ठिपक्यापेक्षा थे कामाचे."

मी शुभमच्या बाजूनं आहे. मायचा फोन हवाच. आपल्या रात्री नऊला तिथे दुपारचे साडेचार, घड्याळं मागे गेली की साडेतीन, दोघांनाही सोयीचं. पण त्या फोनवर "जेवला का?" च्या पुढे जाता आलं पाहिजे. काल पार्टीत काय झालं हे त्याला मायला सांगता आलं पाहिजे, तिनं रडारड न करता ऐकलं पाहिजे. हे तिला आधी समजावून सांगायला कोणी तरी बसलं पाहिजे, आणि ते रमेशभाऊचंच काम आहे.

शपथ त्यानं मागं घेतली. उद्या सलीम आणि अक्षय लसीची चौकशी करायला नागपूरला जाताहेत. लोकेशनवरून मात्र रमेशभाऊ आणि शुभम अजून भांडताहेत.