नळ सोडून केलेला फोन

आमच्या ‘गोतावळा’ ग्रुपवर एरवी सुप्रभात आणि गुडघेदुखीवरचे काढे याखेरीज काही येत नाही. गेल्या आठवड्यात मात्र तिथे रणकंदन झालं. निमित्त माझ्या मामेभावाचा मुलगा. वय वीस, पुण्यात इंजिनिअरिंगला. रात्री दोनला त्याच्या छातीत धडधडायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, आता आपण मरतो असं वाटलं. तो बाथरूममध्ये गेला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. तेवीस मिनिटं बोलला. सकाळी वहिनीने त्याच्या मोबाइलमध्ये तो नंबर पाहिला आणि धाकट्या जावेला सांगितलं. म्हणजे ग्रुपवर आलंच.

काकांनी लिहिलं, ‘घरात चार माणसं असताना परक्याला फोन? ही तिकडची थेरं. तिकडे माणसाला माणूस नाही, म्हणून फोन लागतात.’ त्याखाली अकरा अंगठे.

तिकडे म्हणजे मी. इंग्लंडात रेडिंगला राहून पंधरा वर्षं झाली. कौन्सिलमध्ये पगाराचं काम बघते, बुधवारी रात्री न विसरता कचऱ्याचा बिन बाहेर ठेवते आणि माणसाला माणूस नाही हे वाक्य दर गणपतीत एकदा ऐकून घेते. या वेळी ऐकून घेतलं नाही. बस सोडून दिली आणि स्टॉपवर उभी राहून लांबलचक उत्तर टाइप केलं.

त्यात लिहिलं की तिकडची थेरं म्हणता, तर ती थेरं सुरू कशी झाली ते तरी ऐका. चॅड वारा नावाच्या तरुण पाद्र्याने १९३५ साली एका लहान मुलीचा अंत्यविधी केला. तिला पहिली पाळी आली होती, तिला तो घाणेरडा रोग वाटला आणि तिने जीव दिला. विचारायला कोणी नव्हतं, किंवा होतं आणि त्यांना विचारता येण्यासारखं नव्हतं. वाराच्या डोक्यातून ती गेली नाही. १९५३ मध्ये त्याने लंडनच्या एका चर्चमध्ये फोन ठेवला, जीव नकोसा झालेल्यांशी बोलायला; तीच आजची सॅमॅरिटन्स ही संस्था. तेव्हा इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. कायदा बदलला १९६१ ला. आणि आपल्याकडे तरी हे कालचं आहे का? चेन्नईत आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी ‘स्नेहा’ १९८६ पासून आहे. १४४१६ म्हणजे टेलि-मानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, मागे बंगळुरूचं निम्हान्स हे मानसिक आरोग्याचं मोठं इस्पितळ आहे, फोन फुकट, चोवीस तास, वीस भाषांत. आजवर वीस लाखांच्या वर फोन आलेत. त्या वीस लाखांच्या घरांत माणसं नव्हती का, काका?

काकांनी नमस्काराचे हात पाठवले. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘पुरे’ असा होतो.

त्या उत्तरात मी बरंच काही लिहिलं नाही. इथे १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या नंबरला फोन करून दोन दाबलं की मानसिक आरोग्याची माणसं फोनवर येतात, ऑगस्ट २०२४ पासून अख्ख्या इंग्लंडात, हे मी मोठ्या रुबाबात लिहिलं. पुढच्या थेरपीसाठी थांबावं लागतं हे लिहिलं नाही. ७५ टक्के लोकांची सुरुवात सहा आठवड्यांत व्हावी असं उद्दिष्टच आहे, म्हणजे दीड महिना थांबणं हे यश धरलेलं आहे. ग्रुपवर इंग्लंडची अब्रू सांभाळायची आणि ऑफिसात इंडियाची, अशी माझी नोकरी आहे. दोन्हीकडून पगार नाही.

आणि मुख्य म्हणजे, मलाही होतं हे लिहिलं नाही.

नोव्हेंबर २०२४. रात्रीचे पावणेतीन. झोपेतून दचकून उठले ते हृदय कानात वाजत असल्यासारखं. घसा आवळलेला, हात गार, ओठांभोवती मुंग्या. जिन्यावर बसले, कारण खाली उतरता येईना आणि वर जाववेना. आता मला माहीत आहे की अंगात अॅड्रेनलिन उसळतं, माणूस भराभरा श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणून मुंग्या येतात. हेही माहीत आहे की लाट साधारण दहा मिनिटांत माथ्यावर येते आणि मग ओसरते. जिन्यावर यातलं काही माहीत नव्हतं. १११ लावला. दोन दाबला नाही. दोन म्हणजे मनाचं, आणि माझं तर हृदय चाललं होतं. शिवाय खरं सांगायचं तर, एवढ्या घाबऱ्या अवस्थेतही आपण दोन दाबणाऱ्यांतले नाही असं मला वाटलं. काकांचे अकरा अंगठे माझ्याही अंगठ्यात होतेच.

पलीकडची बाई फार शांत होती. दुखणं हातात, जबड्यात जातंय का, घाम येतोय का, एकेक विचारत गेली. ते बरोबरच होतं, पहिल्यांदा छातीत होतं तेव्हा आधी हृदयच बघायला हवं. मग तिने विचारलं, दुभाषी हवा आहे का? मला तेवढ्यातही राग आला. पंधरा वर्षं या भाषेत लोकांचे पगार काढतेय मी! ‘नो, थँक यू’ म्हटलं आणि ‘पॅल्पिटेशन्स’ वगैरे शब्द फॉर्म भरल्यासारखे सांगत राहिले. जीभ मात्र वेगळ्याच वाक्यावर अडखळत होती: जीव घाबरा होतोय. हे इंग्रजीत कसं सांगायचं? घाबरलेली मी नव्हते, जीव घाबरला होता, मी जिन्यावर बसून त्याच्याकडे बघत होते. ईसीजी स्वच्छ आला. पुढे सर्जरीला, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्याला, आठच्या ठोक्याला फोन, रांगेत चौदावी, आणि मग डॉक्टर म्हणाली, पॅनिक अटॅक.

दुसऱ्यांदा झालं फेब्रुवारीत, पहाटे तीनला. या वेळी १११ नाही, दुसरं कुठलंच नाही, सांगलीला मावशीला फोन लावला. तिथे साडेआठ वाजले होते. ‘अगं, काय करतेस?’ म्हटलं. ती मेथी निवडत होती. मेथी किती माती लागलेली येते हल्ली, यावर ती बोलत राहिली, मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी ‘गॅस बारीक कर’ म्हणालं. वीसेक मिनिटांत माझे हात गरम झाले. तू एवढ्या रात्री का जागी, असं तिने विचारलंच नाही. वेळेचा हिशोब तिच्या ध्यानात नसतो. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या दिवशी दुपारपर्यंत आईला, संध्याकाळपर्यंत गोतावळ्याला, आणि पुढच्या मे महिन्यात मला अंगारा.

म्हणजे काकांचं म्हणणं मीच खरं करून बसले होते. घरच्या माणसाचा आवाज लागला मला. पण त्या आवाजाला खरं सांगायची सोय नव्हती, आणि जिला खरं सांगितलं तिच्याशी बोलताना माझे शब्द माझे नव्हते. तो पोरगा पुण्यात बाथरूममध्ये बसून ज्याच्याशी बोलला, तो परका होता आणि मराठीत बोलत होता. हे मला लंडनच्या शेजारी राहून मिळालं नाही. चार पायांच्या स्टुलावर बसून नळाच्या आवाजात त्याला फुकट मिळालं, आणि घरातली माणसं त्याला विचारतात, आम्ही काय मेलो होतो?

एकदा भाबडेपणाने +९१ लावून १४४१६ फिरवून पाहिला. लागला नाही.

परवा पोराचा मला वेगळा मेसेज आला. ‘आत्या, थँक्स. पण तू त्यांना एवढा इतिहास कशाला सांगत बसलीस?’ मी फोनच केला. इकडचं-तिकडचं झाल्यावर विचारलं, ते नक्की काय म्हणाले रे तुला? तो म्हणाला, काही खास नाही. आत्ता कुठे बसलायस विचारलं. पाय जमिनीला टेकलेत का विचारलं. फरशीचा रंग विचारला. मग श्वास घेताना चार आणि सोडताना सहा मोजायला लावले, ते पण माझ्याबरोबर मोजत होते. हे कमी होईल, याने जीव जात नाही, हे दोनदा सांगितलं. आणि दिवसा परत फोन कर म्हणाले, पुढच्या डॉक्टरांशी जोडून देतो.

मी गप्प राहिले. जरा जास्तच वेळ, बहुतेक.

‘आत्या, तुला पण होतं का गं?’

‘मोज,’ म्हटलं. ‘कसं मोजलं ते दाखव.’

त्याने काही विचारलं नाही. घे, म्हणाला. मी डोळे मिटून जिन्याच्या त्याच पायरीवर बसले आणि त्याच्याबरोबर पुटपुटत राहिले. तिसऱ्या वेळी श्वास सोडताना तो मध्येच हसला.

‘आत्या, तू इंग्लिशमध्ये मोजतेयस.’

मी चारवर अडकले.

‘चालतं गं,’ तो म्हणाला. ‘मी पण इंग्लिशमध्येच मोजत होतो. फाइव्ह. सिक्स.’