जाळीने कॅन्सर बरा होत नाही, म्हणून ती फसवणूक?

लालबागच्या आमच्या चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय: ‘अन्ननलिकेच्या कॅन्सरला जाळी बसवू नका. आयुष्य वाढत नाही, गाठ डिवचून कॅन्सर पसरतो, थोड्याच दिवसांत नळी परत बंद. सगळा धंदा.’

आयुष्य वाढत नाही, हे खरंच आहे. पण त्यासाठी ती बसवतातच कुठे? जाळी म्हणजे स्टेंट; गाठीने बंद होत आलेली अन्ननलिका उघडी राहून गिळता यावं, एवढ्यासाठी ती असते. माझ्या काकांना आधी चपाती जाईना, मग भात, मग पेज. शेवटी स्वतःची लाळ थुंकायला उशाशी वाटी ठेवावी लागली. निकेल-टायटॅनियमची मिटलेली जाळी दुर्बिणीने गाठीतून पार नेऊन सोडतात. ती आपोआप उघडते, एक-दोन दिवसांत पुरती फुलते. तिसऱ्या दिवशी काका वरणाचं पाणी प्यायले. छातीत मात्र चांगलंच दुखत होतं, गोळ्या द्याव्या लागल्या.

‘पसरतो’ म्हणणाऱ्यांनी क्रमच उलटा लावलाय. जाळी बहुतेकदा रोग ऑपरेशनच्या पलीकडे गेल्यावर बसवतात. पुढे तो वाढतो आणि खापर जाळीवर फुटतं. खरे धोके वेगळेच: रक्तस्राव, अन्ननलिकेला भोक, जाळी खाली सरकणं. मेसेजात त्यांचा पत्ता नाही!

बंद होते, हो. गाठ जाळीच्या छिद्रांतून आत शिरते. म्हणून वर आवरण असलेली जाळी वापरतात, पण पूर्ण आवरणाची सरकते जास्त. कधी कधी तर नुसता घासच अडकलेला असतो, आणि आपल्या मुंबईत त्यात पाव आलाच. लाळेत भिजून त्याचा लगदा होतो. अडकलेलं दुर्बिणीने काढता येतं, गाठ आत वाढली तर दुसरी जाळी घालता येते.

‘जाळी सगळ्यांना नको’ एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. नेदरलँड्समध्ये २०९ रुग्णांवर झालेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. जाळीने आराम लवकर पडला, पण अन्ननलिकेच्या आतून दिलेल्या रेडिएशनचा गुण जास्त दिवस टिकला. ज्याच्या हाताशी थोडे अधिक महिने आहेत, त्याने हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

गाठ कुठे आहे, हेही विचारा. जठराच्या तोंडाशी असेल तर जाळीमुळे आम्ल वर येतं. आम्ही काकांच्या खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या होत्या.