ट्रेलरची उंची: न मोजता काढण्याची रीत

ट्रेलरची उंची टेपने मोजावी, असं सांगणारी माणसं पुलाखालून सुखरूप पुढे जातात खरी, पण त्यांची पेपरात बातमी येत नाही. तुम्हाला नाव काढायचंय ना? मग त्यांच्या नादी लागू नका.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आधीच्या ड्रायव्हरला विचारणे. त्याने त्याच्या आधीच्याला विचारलेलं असतं, त्याने त्याच्या आधीच्याला. एवढ्या पिढ्या जपलेला आकडा चुकेल कसा? शिवाय हा आकडा नेहमी गोल असतो. ‘चार मीटर.’ संपला विषय. ‘चार मीटर चौदा सेंटिमीटर’ म्हणणाऱ्या माणसाशी दोन घटका गप्पा मारायचीही इच्छा होत नाही.

ब्रिटनमध्ये तर कहरच आहे. गाडी तीन मीटरपेक्षा उंच असली, तर तिची उंची केबिनमध्ये ड्रायव्हरला दिसेल अशी लिहून लावायचा कायदाच आहे. तुमच्या केबिनमध्येही अशी पाटी असेल, तर हात लावू नका. मागच्या वर्षीच्या ट्रेलरची असली म्हणून काय झालं? अक्षर सुंदर आहे ना!

कागदपत्रं मागणारे महाभाग भेटतीलच. त्यांना कागद दाखवा. ट्रेलरच्या कागदावर उंची छापलेली असते, हे खरंच आहे. ती कपलिंग, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, अमुक इतक्या उंचीवर असेल तर, असं बारीक अक्षरात म्हटलेलं असतं, पण बारीक अक्षर वाचायला का आपण ट्रेलर घेतला?

इथे थोडं थांबू, कारण बिघडवायला सगळ्यात जास्त वाव इथेच आहे. आपल्या या ट्रेलरला पुढची चाकं नसतात. त्याचं पुढचं टोक घोड्याच्या, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या, फिफ्थ व्हील नावाच्या तबकडीवर टेकलेलं असतं, म्हणजे त्याची उंची अर्धी स्वतःची आणि अर्धी उसनी. घोडा बदलला की उंची बदलली. समजा किंगपिनपासून, म्हणजे त्या तबकडीत अडकणाऱ्या ट्रेलरच्या खुंटीपासून, मागच्या अ‍ॅक्सलांच्या मध्यापर्यंत 7.7 मीटर अंतर आहे आणि किंगपिनच्या पुढे ट्रेलरचं नाक आणखी 1.6 मीटर आलंय. नव्या घोड्याचं फिफ्थ व्हील जुन्यापेक्षा पाचच सेंटिमीटर उंच निघालं, तर नाक पाच नाही, सहा सेंटिमीटर वर जातं. आणि चाकांच्या मागे 4.3 मीटर लोंबणारी शेपटी जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली बसते. घोडा बुटका आला की उलटं: नाक खाली, शेपूट वर. मग केबिन आणि नाक पुलाखालून सुखरूप जातात, तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकता आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये मागून आवाज येतो. म्हणून उंची काढताना एकाच टोकाकडे बघा. ज्या टोकाकडे बघाल ते सुखरूप जाईल, याची हमी आमची.

टायरांचा विचार तर मुळीच करू नका. 315/80 च्या (रुंदी 315 मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची तिच्या 80 टक्के) जागी 315/70 टाकले तर अ‍ॅक्सल तीन सेंटिमीटरहून जास्त खाली बसतो. पुढे कधीतरी परत 80 चे टाकले की तेवढाच वर येतो. पण दुकानदार टायर विकतो, उंची विकत नाही. ती तो बिलावर कशी लिहील?

रिकाम्या गाडीला मात्र डोळे मिटून धाडा. जाताना माल भरलेला होता, स्प्रिंगचे पाटे दबले होते, पुलाखालून बोटभर जागा ठेवून सुटलात. माल उतरला, पाटे मोकळे झाले, ट्रेलरने आनंदाने मान वर केली. येताना तोच पूल, तोच रस्ता, तेच तुम्ही. आणि वजन नाही म्हणून गाडीला वेगही चांगला. एअर सस्पेन्शन, म्हणजे पाट्यांच्या जागी हवेचे फुगे, असेल तर ते उंची राखतं, असं कंपनी सांगते. राखतंच, पण माल चढवा-उतरवायच्या धक्क्याला लावताना तुम्ही बटण दाबून ट्रेलर वर उचलला होता, तो खाली घेतलात का? प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवायला माणूस काय हिशेबवही आहे?

कंटेनरबद्दल एकच सांगतो: सगळे सारखेच असतात. साधा 2.591 मीटर उंच आणि हायक्यूब 2.896, म्हणजे फरक अवघा एक फूट. हायक्यूबच्या वरच्या कोपऱ्यांवर पिवळे-काळे पट्टे असतात, ते शोभेसाठी समजा.

आता फूट-इंचांची गंमत. पाटीवर 13 फूट 10 इंच लिहिलेलं असतं, तुम्ही वहीत 13.10 लिहिता. ऑफिसातला हुशार मुलगा ते कॅल्क्युलेटरमध्ये घालतो. यंत्राला ते 13.1 फूट वाटतं आणि मीटरमध्ये येतात 3.99. खरी उंची 4.22. बसल्या जागी, एक नट न ढिला करता, ट्रेलर 22 सेंटिमीटरहून जास्त बुटका! एवढी किमया कुठल्याही गॅरेजला जमणार नाही.

कोणी हट्टालाच पेटलं तर मोजमापाचा देखावा करावा लागतो. त्याचीही रीत आहे. उतार असलेली जागा निवडा, एक चाक खड्ड्यात असेल तर उत्तम. ट्रेलरच्या कडेशी उभं राहून टेप वर सरकवा. तीन मीटरच्या पुढे टेप कमरेत वाकते आणि खाडकन तोंडावर येते, दुसऱ्यांदा हेच झालं की क्लीनर पोरगा वरून ओरडतो, “चारच्या आसपास भरली!” तेवढं पुरे. ते जुने मिस्त्री छपरावर आडवी फळी टाकतात, तिच्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणतात, फळीच्या टोकाला ओळंबा सोडतात आणि सपाट जमिनीपर्यंतची दोरी मोजतात, तीही पुढे एकदा, मागे एकदा आणि जिथे काही वर आलेलं दिसेल तिथे एकदा. केबिनवरचा वारा वळवणारा डिफ्लेक्टर, क्रेनचा दुमडलेला हात, ताडपत्रीखालचा उभा राहिलेला बूम, सगळं धरतात. अशा माणसांना घाई नसते. आपल्याला असते.

म्हणता म्हणता घोडामैदान जवळ आलं. पूल दिसला. पोराला खाली उतरवा. तो कपाळावर हात धरून खालून वर बघेल. खालून बघितलं की छप्पर आणि गर्डर यांच्यात नेहमीच जागा दिसते, कारण गर्डर अलीकडे असतो, छप्पर पलीकडे आणि त्याची नजर तिरकी असते. “येऊ द्या, येऊ द्या,” असं तो म्हणेल, आणि ‘बास’ म्हणायच्या आत पत्र्याचा आवाज म्हणेल.

पुलावरची पाटी वाचू नका. ती लागल्यानंतर रस्त्यावर डांबराचे दोन थर चढलेले असू शकतात, मग ती तरी कुठे खरी? पूल कमानीचा असेल तर आकडा मधला असतो, म्हणून कडेने जा. आणि पुलाखाली रस्ता खोलगट असेल तर त्याहून छान: घोडा समोरच्या चढावर, मागची चाकं अजून उतारावर, ट्रेलर मध्ये झोपाळ्यासारखा ताणलेला, आणि छपराचा मध्य रस्त्यापासून जरा जास्तच उंच. कागदावरची उंची तीच आहे. खड्ड्याला वाचता येत नाही, एवढंच.

अमेरिकेत डरहॅम गावात एक रेल्वेपूल आहे, पूर्वी 11 फूट 8 इंचांचा होता. त्याच्यापुढे एक जाड लोखंडी तुळई बसवली, म्हणजे गाडी आपटली तर तुळईला, पुलाला नाही. उंच गाडी आली की लाल दिवा लागेल अशी सोय केली. गाड्यांची छपरं सोलली जातच राहिली. शेवटी 2019 मध्ये पूलच आठ इंच वर उचलला. त्यानंतरही गाड्या आपटल्याच. उंटावरच्या शहाण्यासाठी भिंत पाडली, तरी तो आत येऊन रांजण फोडायच्या आधी रेड्याची मानच कापायला सांगणार.

अडकलात, तर टायरमधली हवा सोडा. हा सल्ला मात्र खरा आहे, म्हणून घाईत देतो. हवा सोडली की गाडी बसते आणि हळूच मागे निघते. निघाल्यावर भरा; तिथेच पुलाखाली उभं राहून भरू नका. भरलेली पाहिली आहे.

एवढं झालं की मग माणसं येतात. त्यांच्याकडे टेप असते, पाणसळ असते, सपाट जागाही तेच शोधून देतात. पुढे मोजतात, मागे मोजतात, तीनदा मोजतात आणि फॉर्मच्या ‘वाहनाची एकूण उंची’ या रकान्यात आकडा भरतात. बरोबर चार मीटर. वरचा पत्रा सोलून निघालेला असतो.