सीआरपीच्या आकड्यात स्किझोफ्रेनिया दिसत नाही

सकाळी घरी येऊन रक्त नेतात, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ. पुण्यात 'फुल बॉडी चेकअप' इतकं सोपं झालंय. मग विशीतल्या मुलाचा सीआरपी, म्हणजे शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन, ठळक अक्षरात आला की आईवडील गूगल करतात, आणि 'तरुणपणी शरीरात सूज, पुढे स्किझोफ्रेनिया' असं काहीतरी हाती लागतं. माझं मत स्पष्ट आहे: या भीतीपोटी ही तपासणी करू नका.

संशोधन खोटं नाही. ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचं रक्त नवव्या वर्षी तपासलं होतं. ज्यांचं आयएल-६ (सुजेचा संदेश देणारं आणखी एक प्रथिन) वरच्या तिसऱ्या हिश्शात होतं, त्यांच्यात अठराव्या वर्षी सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या दुपटीहून जास्त आढळला. पण त्याच मुलांच्या सीआरपीचा तसा संबंध दिसला नाही. आणि पॅकेजमध्ये काय असतं? सीआरपी! स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी लाखो तरुणांचा ईएसआर (सुजेची दुसरी, जुनी रक्तचाचणी) मोजला होता. तिथेही ईएसआर आणि स्किझोफ्रेनियाचा फार मोठा संबंध निघाला नाही. जिथे मोठमोठ्या गटांतही चित्र इतकं धूसर आहे, तिथे एका मुलाच्या एका रिपोर्टवरून काय सांगणार?

त्यात हे आकडे फार नाजूक. ईएसआर म्हणजे सायट्रेट घातलेलं रक्त उभ्या नळीत तासभर ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. नळी जराशी तिरकी राहिली तरी आकडा वाढतो. हिमोग्लोबिन कमी असेल तरी वाढतो, आणि आपल्याकडे मुलींचं हिमोग्लोबिन किती असतं ते सांगायला नको. नमुना बराच वेळ पडून राहिला तर उलट खोटा कमी येतो. सीआरपीत एकक बघा: एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी प्रति डेसिलिटर. तोच आकडा दहापटीने वेगळा! शिवाय १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला तर आधी डेंग्यू, दाढ, घसा बघायचा. बरं वाटल्यावर दोनतीन आठवड्यांनी परत तपासायचं. पोटाचा घेर आणि सिगारेट यांनीही तो थोडा चढलेला राहतो.

'सूज कमी करणाऱ्या' गोळ्यांचं तर बोलूच नका. व्हिएन्नात ८१ जणांवर ओमेगा-३ चा प्रयोग झाला, २०१० मध्ये निकाल छान आला. मग ३०४ जणांवर तसाच प्रयोग केला, तर २०१७ च्या निकालात फायदा दिसला नाही. मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक २०७ रुग्णांना वर्षभर देऊन पाहिलं, २०१८ मध्ये निकाल आला: काही फरक नाही. हळदीच्या महागड्या कॅप्सूल मुलाला सायकोसिसपासून वाचवतील असं कुणी म्हणत असेल तर ती हळद आमटीतच बरी.

रक्ततपासणीची खरी गरज लक्षणं सुरू झाल्यावर असते. पहिल्यांदाच भास, टोकाचा संशय, असंबद्ध बोलणं दिसलं की हिमोग्राम, साखर, थायरॉइड, बी-१२ करावंच. शाकाहारी घरांत बी-१२ विसरू नका. त्यातही काही आठवड्यांत झपाट्याने बिघाड, झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, ताठरपणा, गुंगी असेल तर ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूला आलेली सूज) मनात धरायचा. त्यातला मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीचा आजार २००७ मध्ये ओळखला गेला. तरुण मुलींमध्ये जास्त, काहींच्या अंडाशयात गाठ सापडते. इथे सीआरपी नॉर्मल असू शकतो, म्हणून 'सूज नाही, मानसिकच आहे' म्हणून सोडून देऊ नये. ईईजी, एमआरआय आणि पाठीतलं पाणी लागतं. रक्तात न सापडलेली अँटिबॉडी पाण्यात सापडू शकते. लोक पाणी काढायला घाबरतात, 'कंबर जाईल' म्हणतात. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. नंतर डोकं दुखू शकतं, ते बहुतेक वेळा काही दिवसांत थांबतं.

बाकी घरच्यांनी बघायचं ते लॅबमध्ये मिळत नाही. रात्ररात्र जागरण, मित्र तुटणं, क्लासला जाणं बंद, 'माझ्यावर कुणाचं तरी लक्ष आहे' असं म्हणणं, आणि गांजा. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे जा, किंवा आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोला, फोन फुकट आहे.